ग्रिडचं गणित सोडवणारा प्रोटीअस

सोसायटीच्या गच्चीवर सोलर पॅनल बसलीत. एप्रिलमधली दुपार, डोक्यावर रणरणतं ऊन. तेवढ्यात फीडर ट्रिप होतो, सगळ्या परिसराची लाइट जाते आणि आपल्या घरातला पंखाही थांबतो. मग व्हॉट्सअॅप ग्रुपवर हमखास कुणीतरी विचारतं, की अरे, वर पॅनल आहेत, ऊन आहे, मग आपली लाइट का गेली? लाखो रुपये घातले ते काय शोभेला?

प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर समजून घ्यायचं तर शंभर-सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं. अमेरिकेत तेव्हा जेमतेम चार फूट उंचीचा, पाठीला कुबड असलेला, तोंडात कायम सिगार धरलेला एक इंजिनीअर होता. विजेच्या जाळ्याचं गणित त्याने कागदावर आणलं. छोट्या-छोट्या ठिकाणी तयार होणारी वीज मोठ्या जाळ्यात कशी जोडायची, याचाही विचार त्याने १९१८ मध्येच करून ठेवला होता. त्याचं नाव चार्ल्स प्रोटीअस स्टाइनमेट्झ. एडिसन आणि टेस्ला आपल्याला शाळेपासून माहीत असतात. इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगच्या मुलांना मात्र रोज भेटतो तो हा तिसरा.

घर सोडावं लागलं

स्टाइनमेट्झचा जन्म ९ एप्रिल १८६५ चा, ब्रेस्लाऊ शहरातला. तेव्हा ते प्रशियात होतं, आज पोलंडमध्ये आहे आणि त्याचं नाव व्रोत्सवाफ आहे. पाळण्यातलं नाव कार्ल ऑगस्ट रुडॉल्फ. पाठीचं कुबड जन्मापासूनचं. वडिलांना होतं, आजोबांनाही होतं. तो वर्षाचा असताना आई गेली. वडील रेल्वेच्या कार्यालयात लिथोग्राफर होते. त्यांनी आणि आजीने त्याला वाढवलं.

१८८३ मध्ये तो ब्रेस्लाऊ विद्यापीठात दाखल झाला. गणित, भौतिकशास्त्र, खगोलशास्त्र, जे समोर येईल ते शिकत सुटला. गणिताच्या विद्यार्थी मंडळात प्रत्येकाला एक टोपणनाव मिळायचं. याला मिळालं प्रोटीअस. ग्रीक पुराणातला हा समुद्रदेव हवं ते रूप घेतो, आणि त्याला पकडून ठेवता आलं तर सगळं खरं सांगतो. मित्रांनी चेष्टेत दिलेलं हे नाव त्याने पुढे आयुष्यभर अभिमानाने मिरवलं.

त्या काळात जर्मनीत बिस्मार्कचे समाजवाद्यांविरुद्धचे कायदे लागू होते. स्टाइनमेट्झ विद्यार्थ्यांच्या समाजवादी गटात ओढला गेला आणि गटाच्या वर्तमानपत्राचं काम करू लागला. १८८८ मध्ये डॉक्टरेट अगदी हातातोंडाशी आली असताना पोलीस मागे लागले. अटक टाळायची तर देश सोडणं एवढाच मार्ग होता. तो निघाला आणि झुरिकला पोचला. ब्रेस्लाऊची डिग्री राहिली ती राहिलीच.

बंदरावर अडवलेला मुलगा

झुरिकला त्याला ऑस्कर आस्मुसन हा मित्र भेटला. तो अमेरिकेला निघाला होता, त्याने यालाही बरोबर घेतलं. बोटीचं सगळ्यात स्वस्त तिकीट काढून दोघं १८८९ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या बंदरात उतरले. स्टाइनमेट्झ तेव्हा २४ वर्षांचा होता.

अधिकाऱ्यांनी त्याला पाहिलं. बुटका, कुबड असलेला. खिशात पैसे नाहीत, इंग्रजी जवळपास शून्य. असा माणूस देशावर ओझं होणार, असंच त्यांना वाटलं आणि त्याला परत पाठवण्याची भाषा सुरू झाली. आस्मुसन मध्ये पडला. याची सगळी जबाबदारी माझी, असा शब्द त्याने दिला, तेव्हा कुठे दार उघडलं. मित्राने तेव्हा हमी घेतली नसती तर अमेरिकेच्या वीज उद्योगाचा इतिहास जरा वेगळा लिहावा लागला असता.

अमेरिकेत त्याने नाव बदललं. कार्लचा चार्ल्स झाला, आणि मधल्या दोन नावांच्या जागी कॉलेजातलं टोपणनाव आलं.

लोखंड का तापतं?

न्यूयॉर्कजवळच्या यॉन्कर्समध्ये रुडॉल्फ आइकेमायर नावाचे कारखानदार होते. तेही जर्मनीतून आलेले. त्यांच्याकडे स्टाइनमेट्झ ड्राफ्ट्समन म्हणून लागला. पगार आठवड्याला १२ डॉलर.

तेव्हा वीज उद्योगात एक मोठी डोकेदुखी होती. मोटर किंवा ट्रान्सफॉर्मरमधल्या लोखंडात चुंबकत्व सतत उलटसुलट होत राहतं. दर फेरीला थोडी ऊर्जा वाया जाते आणि लोखंड तापतं. याला हिस्टेरेसिस म्हणतात. ते किती तापणार, हे आधी सांगता येत नसे. कारखान्यात यंत्र आधी बनवायचे, मग चालवून बघायचे. फार तापलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पैसा, वेळ, तांबं, लोखंड सगळं पाण्यात.

स्टाइनमेट्झने वेगवेगळ्या लोखंडाच्या नमुन्यांवर मोजमापं घेतली आणि आकड्यांच्या त्या ढिगातून एक सूत्र काढलं. १८९२ मध्ये त्याने ते अमेरिकन इलेक्ट्रिकल इंजिनीअर्सच्या संस्थेपुढे मांडलं. आता यंत्र बनवण्याआधीच त्यातलं नुकसान कागदावर काढता येऊ लागलं. अमेरिकेत येऊन तीन वर्षंही झाली नव्हती आणि ज्याला ओझं समजत होते त्याचं नाव इंजिनीअरांच्या तोंडी झालं.

त्याच वर्षी जनरल इलेक्ट्रिक, म्हणजे जीई ही कंपनी उभी राहिली. थोड्याच काळात तिने आइकेमायर यांचा उद्योग विकत घेतला आणि त्याबरोबर स्टाइनमेट्झही तिच्याकडे आला. १८९४ पासून मुक्काम न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी गावी. काम, कंपनीच्या गणनविभागाचा प्रमुख.

बाणांची भाषा

आता त्याच्या सगळ्यात मोठ्या कामाकडे येऊ. अकरावी-बारावीत कॉम्प्लेक्स नंबर शिकताना बहुतेकांच्या मनात एकच प्रश्न असतो, की उणे एकचं वर्गमूळ घेऊन आयुष्यात करायचं काय? स्टाइनमेट्झने त्याचं जे केलं, त्यावर आज जगभरचं ग्रिड चालतं.

बॅटरीतून येणारी वीज एका दिशेने वाहते, तिचं गणित सोपं असतं. घरातल्या सॉकेटमध्ये येणारी एसी वीज मात्र पुढे-मागे हेलकावे घेते, आपल्याकडे सेकंदाला ५० वेळा आणि अमेरिकेत ६० वेळा. त्यात व्होल्टेज आणि करंट एकाच वेळी वर चढतील असंही नाही. मोटरसारखं यंत्र जोडलं की करंट मागे पडतो. ढोल-ताशा पथकात एखादा वादक अर्ध्या ठोक्याने मागे राहिला तर जे होतं, तसंच. लांबच लांब तारा, ट्रान्सफॉर्मर, मोटरी अशा जाळ्यात कोण कुठे किती मागे आहे हे काढायचं, तर दर वेळी कॅल्क्युलसची अवघड समीकरणं सोडवावी लागायची. ती येणारे इंजिनीअर तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे होते.

ऑगस्ट १८९३ मध्ये शिकागोला आंतरराष्ट्रीय विद्युत परिषद भरली. तिथे स्टाइनमेट्झने या अडचणीवर तोड मांडली. व्होल्टेज असो की करंट, प्रत्येक एसी राशी म्हणजे एक बाण धरायचा. बाणाची लांबी म्हणजे ताकद, त्याचा कोन म्हणजे तालातली जागा. हा बाण एकाच कॉम्प्लेक्स नंबरने लिहिता येतो. एकदा तो लिहिला की बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार एवढ्यावर काम भागतं. कॅल्क्युलस बाजूला राहतं आणि साधं बीजगणित पुरतं. या बाणांना आज आपण फेझर म्हणतो.

अशी कल्पना लोकांनी लगेच डोक्यावर घेतली असेल असं वाटतं. तसं झालं नाही. ऐकणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ती कळली. पुस्तकरूपात ती १८९७ मध्ये आली, तेव्हाही पुष्कळ इंजिनीअरांना पुस्तक डोक्यावरून गेलं. मग स्टाइनमेट्झने लोकांना कळत नाही म्हणून नाक न मुरडता एक पायरी खाली उतरून पुन्हा लिहिलं. तेही जड वाटलं तर आणखी एक पायरी खाली. शेवटी १९११ मध्ये त्याने इंजिनीअरांसाठी नुसत्या गणिताचंच एक पुस्तक लिहिलं. १९०२ पासून स्केनेक्टडीच्या युनियन कॉलेजात तो इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंग शिकवू लागला आणि दहा-अकरा वर्षं तो विभाग सांभाळला. त्याच्या नावावर सुमारे २०० पेटंट आहेत. पण बाणांची ही भाषा एका पिढीच्या अंगवळणी पाडणं, हे मला त्या सगळ्यांपेक्षा मोठं काम वाटतं.

त्याच्याबद्दलची एक गोष्ट तुम्ही फॉरवर्डमध्ये नक्की वाचली असेल. बंद पडलेल्या जनरेटरवर तो खडूने एक फुली मारतो आणि १०,००० डॉलरचं बिल लावतो; फुलीचा एक डॉलर, ती कुठे मारायची या ज्ञानाचे बाकीचे. गोष्ट झकास आहे, पण ती दंतकथा समजूनच वाचावी. त्याचं खरं काम नेमकं उलट होतं. फुली कुठे मारायची हे त्याने सगळ्यांना शिकवून ठेवलं.

मगरी, नातवंडं आणि राजकारण

घरी हा माणूस कसा होता? एकदम हटके. काचघरात निवडुंग आणि ऑर्किड, आणि पाळलेल्या प्राण्यांमध्ये चक्क मगरीच्या जातीचे अॅलिगेटर. आपला आजार पुढच्या पिढीत जाईल या भीतीने त्याने लग्न केलं नाही. प्रयोगशाळेतला तरुण सहायक जोसेफ हेडन याच्यावर त्याचा फार जीव. हेडनचं लग्न झाल्यावर त्याने त्या दोघांना आपल्याच घरी राहायला बोलावलं. हेडनच्या बायकोने, कोरिनने, अट घातली ती जेवणाच्या वेळेची. काम कितीही महत्त्वाचं असो, ताट वाढलं की यायचं. जीईच्या मोठमोठ्या साहेबांना न जुमानणाऱ्या स्टाइनमेट्झने ही अट मुकाट मान्य केली. पुढे त्याने हेडनला रीतसर दत्तक घेतलं आणि हेडनच्या तीन मुलांचा तो आजोबा झाला.

राजकारणही सुटलं नव्हतं. १९११ मध्ये स्केनेक्टडीत समाजवादी महापौर निवडून आले आणि स्टाइनमेट्झ गावच्या शिक्षण मंडळावर गेला, त्याचा अध्यक्षही झाला. बाहेरून आलेल्या कुटुंबांच्या मुलांसाठी खास वर्ग काढण्यात त्याने पुढाकार घेतला. इंग्रजी न येता बंदरावर उतरलेला मुलगा तो विसरला नव्हता. १९२२ मध्ये तर त्याने थेट लेनिनला पत्र लिहून रशियाच्या विद्युतीकरणाला मदत देऊ केली. जीईसारख्या बड्या भांडवलदार कंपनीत राहून हे सगळं कसं, असं त्याच्या मित्रांनाही वाटायचं. हा विरोधाभास त्याने कधी पूर्ण सोडवला नाही. वीज एकट्या-दुकट्याने करायचा उद्योग नाही, ती माणसांना एकत्र यायला भाग पाडते, असं मात्र तो मनापासून मानत होता.

अंदाज चुकलेही. येत्या काही वर्षांत रस्त्यांवर इलेक्ट्रिक गाड्याच गाड्या होतील असं त्याला वाटलं. त्याने स्वतः १९१४ ची डेट्रॉइट इलेक्ट्रिक गाडी वापरली. ती आजही युनियन कॉलेजने जपून ठेवली आहे. १९२० मध्ये त्याच्या नावाने इलेक्ट्रिक वाहनांची कंपनीही निघाली. पण पेट्रोलच्या गाड्यांपुढे तिचा टिकाव लागला नाही.

आरशाच्या काचा

१९२० मध्ये नदीकाठच्या त्याच्या लाकडी झोपडीवर वीज कोसळली. घरातला आरसा फुटून काचा सगळीकडे उडाल्या. दुसरं कुणी असतं तर केर काढून मोकळं झालं असतं. स्टाइनमेट्झने एकेक तुकडा गोळा केला, कोड्यासारखा आरसा पुन्हा जुळवला आणि वीज त्यावरून कशी धावली याचा माग काढला.

हा नुसता छंद नव्हता. तारांचं जाळं जितकं पसरत होतं, तितकी वीज पडून ते बंद पडण्याची भीती वाढत होती. वळवाच्या पहिल्या पावसात आपली लाइट का जाते, हे आठवा. १९२२ मध्ये त्याने प्रयोगशाळेत १,२०,००० व्होल्टचं यंत्र उभारून कृत्रिम वीज पाडून दाखवली. लाकडाच्या ओंडक्यांच्या चिंधड्या उडताना लोक थक्क होऊन बघत राहिले. त्या वर्षी एडिसनही ते पाहायला आले. त्यामागचा खरा हेतू होता तारांना वाचवणारे लाइटनिंग अरेस्टर तपासून पाहणं. पाडायची वीज हवी तेव्हा पाडता येऊ लागली, त्यामुळे पावसाळ्याची वाट बघायची गरज उरली नाही.

जशी वाटतो, तशी गोळा करू

आता सुरुवातीच्या सोलरकडे परत जाऊ. १९१८ मध्ये स्टाइनमेट्झने अमेरिकेच्या ऊर्जेचा हिशोब मांडणारा एक निबंध लिहिला. देशात किती कोळसा जळतो आणि सगळ्या नद्या-ओढ्यांतल्या पाण्यात मिळून किती ऊर्जा आहे, हे त्याने ताडून पाहिलं. सगळं पाणी वापरलं तरी ते त्या वेळी जळणाऱ्या इंधनाच्या ऊर्जेएवढंच भरेल, असं उत्तर आलं. म्हणजे मोठ्या धरणांवर भागणार नाही, बारीकसारीक ओढेसुद्धा सोडून चालणार नाही.

पण प्रत्येक ओढ्यावर मोठं वीजकेंद्र परवडणार कसं? तिथे ऑपरेटर कोण बसवणार? त्याचा तोडगा होता इंडक्शन जनरेटर. साधं, दणकट यंत्र, देखरेखीला माणूस नको. ते स्वतःचा ताल ठरवत नाही, जाळ्यातल्या मोठ्या केंद्राने धरलेल्या तालावर वीज टाकत राहतं. जशी आपण वीज तारांनी वाटतो, तशीच ती गावोगावच्या छोट्या जागांमधून तारांनीच गोळाही करावी, हा त्या निबंधाचा गाभा होता. पुढे पवनचक्क्यांच्या पहिल्या पिढीत हेच इंडक्शन जनरेटर सर्रास वापरले गेले.

याच्यातली मेख स्टाइनमेट्झने लपवली नव्हती. छोटं यंत्र साधं राहू शकतं, कारण ताल सांभाळायचं सगळं ओझं मोठ्या केंद्रावर असतं. मोठं केंद्र गेलं की छोटंही गप्प.

आपल्या गच्चीवर नेमकं हेच होतं. बॅटरी नसलेला ऑन-ग्रिड इन्व्हर्टर ग्रिडचा ताल ऐकून वीज टाकतो. ताल थांबला की तोही थांबतो. त्याला तसं मुद्दाम बांधलेलं असतं, कारण खांबावर लाइनमन काम करत असेल आणि आपल्या गच्चीवरून तारेत वीज गेली, तर त्याच्या जिवावर बेतेल. तेव्हा ग्रुपवर पुढच्या वेळी कुणी वैतागलं, तर हे सांगता येईल.

बाण आजही बोलतात

२६ ऑक्टोबर १९२३ च्या सकाळी स्टाइनमेट्झ राहत्या घरी गेला. नुकताच अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा लांबचा प्रवास करून आला होता, हृदय थकलं होतं. वय ५८.

त्याच्या बाणांची गोष्ट पुढे एका मराठी आडनावापाशी येते. आयआयटी खरगपूरला शिकून अमेरिकेत गेलेल्या अरुण फडके यांनी सहकाऱ्यांबरोबर १९८८ मध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठात एक उपकरण तयार केलं, फेझर मेजरमेंट युनिट, म्हणजे पीएमयू. स्टाइनमेट्झचे बाण कागदावर होते. पीएमयू ते चालू तारेवर मोजतं आणि उपग्रहाच्या घड्याळाशी वेळ जुळवून सेकंदाला २५ किंवा त्याहून जास्त वेळा कळवतं. शेकडो किलोमीटर दूरच्या दोन सबस्टेशनांचे बाण एकाच क्षणी शेजारी ठेवून बघता येतात. दोघांमधला कोन वाढत चालला, तर मधल्या तारेवर ताण वाढतोय हे कळतं. आज आपण ज्याला स्मार्ट ग्रिड म्हणतो, त्याचे डोळे ते हेच.

ते डोळे किती गरजेचे आहेत, हे आपण जुलै २०१२ मध्ये शिकलो. ३० आणि ३१ जुलै, सलग दोन दिवस ग्रिड कोसळलं. दोन्ही वेळा सुरुवात झाली ती बीना-ग्वाल्हेर या ४०० केव्हीच्या तारेपासून. दुसऱ्या दिवशी तर सुमारे ६० कोटी लोकवस्तीचा भाग अंधारात गेला. तेव्हा देशात पीएमयू मोजकेच होते. त्यानंतर ते मोठ्या संख्येने बसवले गेले. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची तार जोडली गेली आणि दक्षिणेचं ग्रिडही उरलेल्या देशाच्या तालात आलं. त्या दिवसापासून काश्मीर ते कन्याकुमारी एकच ठोका आहे, सेकंदाला ५० चा.

हा ठोका आजवर धरला तो वीजकेंद्रांतल्या अजस्र फिरत्या यंत्रांनी. एखादं केंद्र अचानक बंद पडलं तरी बाकीच्यांच्या वजनदार चाकांचा वेग लगेच उतरत नाही, सावरायला काही सेकंद मिळतात. सोलर पॅनलमध्ये फिरणारं काहीच नसतं. सोलर आणि वारा वाढत जाईल तसा ताल धरायचा कुणी, हा आजच्या ग्रिडपुढचा खरा प्रश्न आहे. त्यावर स्वतः ताल धरणारे ग्रिड-फॉर्मिंग इन्व्हर्टर येत आहेत, मोठ्या बॅटऱ्या येत आहेत, दुपारची स्वस्त वीज दुपारीच वापरायला लावणारे वेळेनुसार दर आणि स्मार्ट मीटर येत आहेत. एकेकाळी चुकलेला इलेक्ट्रिक गाड्यांचा अंदाजही आता कुठे खरा ठरू लागलाय, आणि त्या गाड्या चार्ज कधी करायच्या हा नवा हिशोब त्यात आलाय.

हे सगळे हिशोब मांडायला अजून भरपूर माणसं लागणार आहेत. ती कदाचित आज कॉम्प्लेक्स नंबरच्या धड्यापुढे डोकं धरून बसलेली असतील. त्यांना एवढंच सांगायचं, की तो धडा ऑप्शनला टाकू नका. बंदरावर ओझं ठरवलेल्या एका मुलाने त्याच धड्यावर जगभरची लाइट लावली आहे.